आवासदान : वृद्धांच्या घरांचा इतिहास आणि आजची निकड

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने जैन घरातील मुलाला पाठशाळेतच पाठ होतात. आचार्य समंतभद्रांनी मात्र ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त वैयावृत्त्याचे विवेचन करताना आहार, औषध, उपकरण आणि आवास अशी चतुष्टयी सांगितली आहे. तेथील मूळ संदर्भ संयमी साधकांच्या सेवेचा आहे, हे खरे. तरीही राहण्यासाठी निर्वेध जागा देणे हे अन्न आणि औषध यांच्या पंक्तीत बसणारे दान आहे, ही दृष्टी त्यातून स्पष्ट होते. ‘तत्त्वार्थसूत्रा’ने वैयावृत्त्याला अभ्यंतर तपात स्थान दिले. श्वेतांबर परंपरेत कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात ‘योगशास्त्रा’त द्रव्य पेरण्याची सात क्षेत्रे सांगितली, त्यांतील शेवटची दोन क्षेत्रे श्रावक आणि श्राविका ही आहेत. मंदिर आणि मूर्ती यांच्याच मालिकेत साधर्मिक माणूस उभा केला गेला, ही गोष्ट समाजाने पुन्हा पुन्हा आठवावी अशी आहे.

या दृष्टीने पाहिले असता जैन समाजाच्या दानाचा इतिहास म्हणजे एका अर्थाने निवाऱ्याचाच इतिहास आहे. प्रत्येक काळात कोणी तरी निराश्रित असतो. त्या काळातील समाजधुरीण त्याला ओळखतात आणि त्याच्यासाठी छप्पर उभारतात.

काळाने दाखविलेले निराश्रित

प्रवास पायी किंवा बैलगाडीने होत असे, तेव्हा यात्रेकरू हा निराश्रित होता. शत्रुंजय, सम्मेदशिखर, गिरनार येथे आणि महाराष्ट्रात कुंथलगिरी, गजपंथ, मांगीतुंगी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या त्या याच गरजेतून. तेराव्या शतकात गुजरातचे मंत्री वस्तुपाल आणि तेजपाल यांनी मंदिरांबरोबरच विहिरी, पाणपोया व विश्रांतिस्थाने यांवरही द्रव्य खर्च केले.

त्यानंतर मुक्या जिवांची पाळी आली. १८३४ मध्ये मुंबईत पांजरपोळ स्थापन झाली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या पारशी दात्याबरोबर त्या कामात जैन व्यापारी अग्रभागी होते. शेठ मोतीशा यांचे नाव त्यात आदराने घेतले जाते. म्हातारे, लंगडे, दूध न देणारे जनावर ‘उपयोगाचे नाही’ म्हणून टाकून द्यायचे नाही, हा त्यामागील विचार होता. त्या जनावराचा चारापाणी रोज लागतो, म्हणून व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर लाग बसवून पांजरपोळींना कायमचे उत्पन्न लावून दिले. इमारतीच्या आधी उत्पन्नाचा विचार करण्याची ही रीत पुढे येणाऱ्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी शिक्षणासाठी परगावी आलेला विद्यार्थी हा निराश्रित ठरला. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद (१८५१–१९१४) यांनी मुंबईत हिराबाग धर्मशाळा बांधली आणि मुंबई, कोल्हापूर इत्यादी ठिकाणी जैन विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभी केली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या कुंभोजच्या एका मुलाने पुढे, १९२४ मध्ये, साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. ते कर्मवीर भाऊराव पाटील होत. माणिकचंदांच्या कन्या मगनबाई स्वतः वैधव्याचे दुःख भोगत होत्या. त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालविला आणि विधवांना निवाऱ्याबरोबर अक्षर व उद्योग दिला. सोलापूरच्या श्राविकाश्रमाने पंडिता सुमतीबाई शहा यांच्या नेतृत्वाखाली हीच परंपरा पुढे नेली.

यात्रेकरू, जनावर, विद्यार्थी, विधवा अशी ही मालिका आहे. या मालिकेत वृद्ध मनुष्य दिसत नाही, याचे कारण त्या काळी तो निराश्रित नव्हता. एकत्र कुटुंब हेच त्याचे घर होते. पुण्याचे डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, म्हणजेच आजचे ‘निवारा’, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले; पण ते ज्यांना कोणीच नाही अशांसाठी होते. घरदार, मुले आणि नातवंडे असलेला मनुष्य वृद्धपणी एकटा पडेल, ही कल्पना त्या पिढ्यांना शिवलीही नसेल.

तालुक्याच्या गावातील मोठे वाडे

आज ती परिस्थिती पालटली आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. वृद्धांचा प्रश्न पुण्या-मुंबईचा आहे, हा समज त्यामुळे खोटा ठरतो. मुले शिकली, पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेली. आईवडील पेठेतल्या दुकानामागच्या वाड्यात राहिले. बारा माणसांसाठी बांधलेल्या वाड्यात दोन माणसे, आणि काही वर्षांनी एकच. जिना चढवत नाही म्हणून माडी बंद, संडास परसात, पावसाळ्यात एक भिंत ओली. वाडा विकावा तर भावकीत वाटण्या व्हायच्या आहेत. दुरुस्त करावा तर पेन्शन नाही, कारण आयुष्यभर गादीवर बसलेल्या माणसाला पेन्शन कोण देणार?

मुलाकडे शहरात जाऊन राहणारेही पुष्कळ आहेत. परंतु चातुर्मास आला की त्यांतील कित्येक जण गावी परततात. गावात पायी जाता येईल अशा अंतरावर मंदिर किंवा स्थानक असते, व्याख्यान असते, प्रतिक्रमणाला सोबत असते, ओट्यावर बसले की नावाने हाक मारणारे असतात. सर्वसाधारण वृद्धाश्रमात जाणे या माणसांना अवघड वाटते ते केवळ लोकलज्जेमुळे नव्हे. सूर्यास्तापूर्वी जेवण, कंदमूळवर्ज्य स्वयंपाक, उकळलेले पाणी आणि सामायिकासाठी शांत कोपरा यांची हमी तेथे मिळत नाही. आयुष्यभर पाळलेला चौविहार सत्तराव्या वर्षी सोडावा लागणे, हे दुःख बाहेरच्याला लहान वाटेल. ज्याचे त्याला ते लहान नसते.

शासनानेही काही पावले उचलली. १९९९ मध्ये ज्येष्ठांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. मात्र ती निराधारांसाठी आणि जिल्ह्याच्या पातळीवर आहे. तालुक्याच्या गावातील अल्प उत्पन्नाचे, स्वाभिमानी, स्वतःची चूल चालवू इच्छिणारे जोडपे त्या तरतुदीत बसत नाही. त्यांना आश्रम नको असतो. त्यांना झेपेल एवढे लहान घर आणि परवडेल एवढा महिना हवा असतो.

एका कापडव्यापाऱ्याची वसाहत

असे घर चालविण्याची रीत शोधू जाता इतिहासात एक विलक्षण उदाहरण सापडते, आणि ते एका कापडव्यापारी घराण्याचे आहे. जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात १३६७ मध्ये हान्स फुग्गर नावाचा विणकर जवळच्या खेड्यातून आला. तागाचा ताणा आणि व्हेनिसमार्गे येणाऱ्या कापसाचा बाणा अशा मिश्र कापडाच्या व्यापारात हे घराणे वर आले. हान्सचा नातू याकोब फुग्गर (१४५९–१५२५) पुढे युरोपातील सर्वांत धनाढ्य सावकार झाला. १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सच्या सम्राटपदाच्या निवडणुकीला त्याचेच कर्ज उपयोगी पडले. त्या कर्जांचे आज इतिहासाच्या पुस्तकांबाहेर काही उरलेले नाही. पण १५२१ मध्ये त्याने दानपत्र करून स्थापन केलेली ‘फुग्गराय’ ही गरजूंची वसाहत पाचशे वर्षांनंतरही नांदती आहे. ज्यांचा उपयोग होत राहिला अशा सामाजिक वसाहतींत ती जगातील सर्वांत जुनी मानली जाते.

या वसाहतीतील तीन गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे प्रत्येकाला स्वतःचे दार आहे. घरे दुमजली असून खालच्या आणि वरच्या मजल्याला रस्त्यावरून वेगवेगळे प्रवेश आहेत. दारावरच्या घंटेची ओढणी प्रत्येक घराची निराळ्या आकाराची. अंधारात हाताला चाचपूनही आपले दार ओळखता यावे, ही त्यामागील काळजी. दुसरी गोष्ट भाड्याची. वर्षाला एक ऱ्हाइनिश गुल्डन हे स्थापनेच्या वेळचे भाडे वाढविलेच गेले नाही. आजच्या चलनात ते ०.८८ युरो होते. याशिवाय रहिवाशाने रोज तीन प्रार्थना म्हणाव्यात, एवढी अट आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : याकोबाने केवळ घरे बांधली नाहीत, तर ती कायम चालावीत म्हणून न्यास केला. त्या न्यासाचे उत्पन्न पुढे मुख्यतः जंगलांच्या मालकीतून येत राहिले. फेब्रुवारी १९४४ मधील बॉम्बवर्षावात वसाहतीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, तेव्हा काही दिवसांतच कुटुंबाने ती पुन्हा बांधण्याचा निर्णय घेतला. न्यास शाबूत होता म्हणून तो निर्णय घेता आला.

फुग्गराय मूळची केवळ वृद्धांसाठी नव्हती. कष्ट करूनही गरिबीत लोटल्या गेलेल्या कारागीर कुटुंबांसाठी ती होती. पुढे तिच्यात वृद्धांचे प्रमाण मोठे झाले. आणखी एक बारकावा हिशेबी माणसाच्या लक्षात येईल. तेथील नाममात्र भाड्यात ऊब आणि वीज धरलेली नाही. तो खर्च रहिवाशाने वेगळा द्यायचा असतो. म्हणजे भाडे जवळजवळ शून्य झाले तरी घर चालविण्याचा खर्च उरतोच, आणि त्यात इंधनाचा वाटा मोठा असतो. थंड देशात तो उबेचा, आपल्याकडे थंडाव्याचा. स्वस्त घर म्हणजे बांधायला स्वस्त घर, ही समजूत येथे अपुरी पडते. वृद्धाच्या दृष्टीने स्वस्त घर ते, ज्यात राहणे दरमहा स्वस्त पडते.

माळवद, बापूकुटी आणि लॉरी बेकर

थंडाव्याचे शास्त्र आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. मराठवाडा आणि सोलापूर भागातील माळवदाच्या घरांत जाड दगडी भिंती आणि वर मातीचा थर असे. बाहेर वैशाखाचे ऊन असले तरी आतल्या खोलीत गारवा. चौकामुळे उजेड आणि वारा दोन्ही मिळत. या घरांचा दोष मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात उघड झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आणि दशलक्षण पर्वाची सांगता करून लोक झोपले होते. मातीत बांधलेल्या दगडी भिंती फुगून कोसळल्या आणि माळवदाचे ओझे अंगावर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे माळवदावर मातीचे थर चढविले जात असत. काटकसरीची ती दुरुस्तीच ओझे वाढवीत गेली होती.

त्यानंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसविली. जमीनधारणेनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली. घरे मजबूत झाली, ही मोठीच गोष्ट. परंतु नव्या गावठाणांचे रुंद रस्ते आणि दूरदूरची घरे यांमुळे शेजार तुटला, हेही अभ्यासकांनी नोंदविले. तरुणाला दुचाकी असते. वृद्धाला अंतर पायांनीच तोडावे लागते. घर बळकट हवे आणि ते वस्तीच्या पोटात हवे, असा दुहेरी धडा किल्लारीने दिला.

कमी खर्चात थंड आणि टिकाऊ घर कसे बांधावे, याचे दुसरे सूत्र वर्ध्याजवळ सेवाग्रामला सापडते. १९३६ पासून गांधीजी तेथे राहिले ते स्थानिक माती, बांबू, लाकूड आणि कौले यांनी बांधलेल्या घरांत. विदर्भाच्या उन्हाळ्यातही बापूकुटीत बसवते. याच विचाराने प्रभावित झालेले वास्तुकार म्हणजे लॉरी बेकर (१९१७–२००७). इंग्लंडमध्ये जन्मलेले बेकर दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये सेवाकार्य करून परतताना मुंबईत जहाजाची वाट पाहत थांबले होते. तेथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. १९४५ मध्ये ते कुष्ठरोग्यांच्या इमारतींच्या कामासाठी भारतात आले आणि पुढे येथलेच झाले. हिमालयातील पिठोरागढ येथे बरीच वर्षे आणि नंतर केरळमध्ये त्यांनी शेकडो घरे बांधली. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बेकरांच्या युक्त्या गवंड्याला समजणाऱ्या आहेत. विटा आडव्या न ठेवता उभ्या कडेवर रचल्या की भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटांची सुमारे चतुर्थांश बचत होते आणि पोकळीतील हवा उष्णता अडविते. सिमेंटच्या छतात खालच्या बाजूचे काँक्रीट भार पेलण्याच्या फारसे कामी येत नाही, म्हणून त्या जागी जुनी मंगलोरी कौले भरायची. काँक्रीट वाचते आणि छतही कमी तापते. खिडकीऐवजी काही ठिकाणी विटांची जाळी ठेवली की वारा आत येतो, ऊन बाहेर राहते. १९८५ मध्ये केरळमध्ये माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन, अर्थतज्ज्ञ के. एन. राज आणि टी. आर. चंद्रदत्त यांच्यासह बेकरांनी ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था काढली आणि हे तंत्र गरिबांच्या घरांपर्यंत नेले. किल्लारीचा धडा लक्षात घेता आपल्या भागात अशा बांधकामाला जोत्याशी, दारांवर आणि छताखाली सळयांचे पट्टे व कोपऱ्यांत उभ्या सळया घातल्याच पाहिजेत. तेवढा खर्च वाचविणे ही काटकसर नव्हे.

गावातील लहान घराचे स्वरूप

या सर्व अनुभवांतून छोट्या गावासाठी वृद्धनिवासाचे चित्र सहज उभे राहते. जागा हमरस्त्यालगतच्या दान मिळालेल्या माळावर नको; मंदिर, बाजार आणि दवाखाना यांपासून काठी टेकीत जाता येईल एवढ्या अंतरावर, जुन्या वाड्याच्या जागेवर असली तर उत्तमच. सर्व घरे तळमजल्यावर, मध्ये सामाईक चौक, प्रत्येकाला स्वतःचे दार आणि दारापुढे ओटा. उंबरठा नसावा, दार चाकांची खुर्ची जाईल एवढे रुंद, संडास आत, कमोडशेजारी धरायला दांडा. लांब भिंती उत्तर-दक्षिणेकडे, पश्चिमेकडे कमीत कमी उघडी भिंत, गच्चीवर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर, आणि पावसाचे पाणी साठविण्याचे टाके.

उपकरणांची निवडही हिशेबाने करावी लागते. साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर नव्या प्रकारचा बी.एल.डी.सी. पंखा सुमारे ३० वॅट. उन्हाळ्यात पंखा दिवसाला सोळा तास चालला, तर पहिल्याला महिन्याला ३६ युनिट लागतात आणि दुसऱ्याला साडेचौदाच्या आत. एका पंख्यामागे एकवीस युनिटांहून अधिक बचत, आणि ती दात्याची नव्हे, वृद्धाची होते. सौरबंबातून येणारे पाणी आधीच तापलेले असल्याने ते तीन उकळ्या येईपर्यंत उकळण्यास गॅस कमी लागतो. दिवस मावळण्यापूर्वी जेवणारे घर उजेडासाठी सूर्यावर विसंबते. स्वयंपाकघराला मावळतीआधीचा उजेड मिळेल अशी खिडकी ठेवली की दिवाही लवकर लावावा लागत नाही आणि दिव्याभोवती जमणारे जीवही वाचतात. आजच्या परिभाषेत याला ऊर्जाबचत म्हणतात. श्रावकाचाराच्या परिभाषेत यालाच यतना आणि अपरिग्रह म्हणतात. दोन्ही वाटा एकाच दाराशी येतात.

कोनशिला आणि ध्रुवफंड

इमारतीला दाते मिळतात. कोनशिलेवर नाव कोरले जाते, भूमिपूजनाला बोली लागते. पंधरा वर्षांनंतर गळणाऱ्या छताला, फुटलेल्या नळाला आणि वाढलेल्या वीजबिलाला दाता मिळत नाही, कारण त्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही. अनेक संस्थांच्या धर्मशाळा याच कारणाने ओस पडल्या. याकोब फुग्गरची घरे पाचशे वर्षे टिकली आणि पांजरपोळींनी दुष्काळांतही गुरे जगविली, याचे श्रेय त्यांमागील कायम उत्पन्नाला आहे. म्हणून वृद्धनिवासाच्या बाबतीत क्रम उलटा हवा : आधी ध्रुवफंड, मग पाया. दहा घरांचा निधी जमला असेल तर सहाच बांधावीत आणि उरलेली रक्कम व्याजासाठी ठेवावी. देवद्रव्याला यात हात लावता येत नाही, तो नियम पाळलाच पाहिजे. पण साधारण खाते, साधर्मिक भक्तीचा निधी आणि कायम तिथी यांना ही वाट खुली आहे. एखाद्या कुटुंबाने आईच्या पुण्यतिथीला मिष्टान्नाऐवजी एका घराचे वर्षाचे वीजबिल उचलले, तर तेही आवासदानच होय.

सुवर्णमहोत्सव हा संस्थेच्या जमाखर्चाचा दिवस असतो. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी पावती पुस्तके हाती घेऊन दारोदार वर्गणी जमविली, ते कार्यकर्ते आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. मंदिराचे शिखर त्यांनी उभे केले, पाठशाळा त्यांनी चालविली, मुलांना शिकवून गावाबाहेर त्यांनीच पाठविले. आता त्यांतील काही जण मोठ्या वाड्याच्या एका खोलीत दिवस काढीत आहेत आणि कोणाकडे काही मागण्याची त्यांना सवय नाही. यात्रेकरू, मुके जनावर, विद्यार्थी आणि विधवा यांना समाजाने त्या त्या काळी ओळखले. या काळातील निराश्रित परका नाही. रोज सकाळी पूजेच्या रांगेत तो शेजारीच उभा असतो. त्याने मागण्यापूर्वी त्याचे दार तयार असावे, एवढीच या परंपरेची अपेक्षा आहे.